फौजदारांचा घास

१४ फेब्रुवारी

पाठवणाऱ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं — 'नाणं गिळलं आहे. उद्या सकाळी पाहिलं तरी चालेल.' नाणं म्हणे! मी एक्स-रे उजेडासमोर धरला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. नाण्याला कड एकच दिसते. इथे दोन — बाहेर एक कडं, त्याच्या आत दुसरं. म्हणजे सेल. घड्याळात बसतो तो, बटणासारखा चपटा. घशाच्या खाली, अन्ननलिकेत, रुतून बसलेला. नाणं असतं तर मीही म्हटलं असतं, उद्या बघू. सेल उद्याची वाट बघत नाही. ओल्या जागी बसला की वीज सोडतो आणि दोन्ही बाजूंनी भाजत सुटतो.

मुलगी चार वर्षांची. लाळ गळत होती, पण रडणं नाही. आईच्या कडेवरून माझ्याकडे अशी रोखून बघत होती, की वाटावं गिळण्याचा गुन्हा मीच केलाय. आईला म्हटलं, भूल द्यायची तयारी होईपर्यंत हिला चमचा चमचा मध चाटवत राहा. "आत्ता? मध?" "हो, आत्ता. प्रश्न नंतर विचारा." अशा वेळी माझं बोलणं फार तुसडं होतं. पण मधाचा थर मध्ये आला की जळणं जरा मंदावतं, हे समजावत बसायला वेळ कुठे होता!

भूलतज्ज्ञ जेवत होते, ते अर्ध्या ताटावरून उठून आले. त्याबद्दल त्यांचे सगळे जुने गुन्हे माफ. घशातून दुर्बीण घातली. जाळीत सेल धरला — सुटला. परत धरला — आला. काळाठिक्कर. मोठ्या सिस्टर, म्हणजे माझ्या दुर्बिणीच्या खोलीच्या खऱ्या मालकीणबाई, ट्रेमधल्या त्या टिकलीकडे बघून म्हणाल्या, "एवढासा जीव आणि केवढा उपद्व्याप!" सेलला म्हणाल्या की मुलीला, कळलं नाही.

मग आत जाऊन जखम पाहिली. दोन्ही भिंती भाजलेल्या. भोक नाही. आत्ता तरी नाही. व्हिनेगरसारख्या पातळ आम्लाने ती जागा धुतली, नाकातून बारीक नळी पोटात सोडली. आता जे काही खाणं-पिणं ते त्या नळीतून. घशातून थेंबही नाही.

बाहेर आई भिंतीला टेकून उभी होती. शेजारी तिचे वडील, म्हणजे मुलीचे आजोबा, गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे." एवढंच. मी आत वळले. बोलले असते तर रागाने बोलले असते.

१५ फेब्रुवारी

ताप नाही. छाती साफ. देवा, असंच राहू दे.

१७ फेब्रुवारी

आवाज बसलाय, पण हुकूम बसलेले नाहीत. आज राउंडला गेले तर बाईसाहेब नाकातली नळी सावरत पलंगावर उभ्या. मला विचारलं, "तू काय गिळलंस?"

"मी? मी काही नाही गिळलं."

"मग तू इथे कशाला राहतेस?"

बिनतोड प्रश्न! नवराही अधूनमधून हेच विचारतो.

नंतर कळलं, सकाळपासून सगळ्या वॉर्डाची जबानी घेऊन झालीय. समोरच्या पलंगावरच्या गृहस्थांनी हसता हसता स्वतःची अर्धी कवळी गिळली होती, ती मी परवा काढली. त्यांनी बायकोला सांगितलं होतं की दातांची तपासणी करून घ्यायला राहिलोय. फौजदारांपुढे मात्र त्यांनी सगळं कबूल केलं, तेही बायकोच्या देखत. तेव्हापासून मुलीचं नाव फौजदार. सर्जन सरसुद्धा तिला पाहून पाय जुळवून सलाम ठोकतात. एरवी कोणाला मान हलवून नमस्कार करायचा तरी त्यांच्या जिवावर येतं!

१८ फेब्रुवारी

सेल घशात गेला कसा, ते आज कळलं. फौजदारांनीच दाखवलं. जीभ बाहेर काढली, बोट अलगद जिभेला टेकवलं, डोळे मिटले, आणि मान डोलावून म्हणाली, "चालू आहे." मग बोट उचललं, परत टेकवलं, चेहरा पाडला — "मेला."

आजोबा दारातच उभे होते. त्यांचा चेहरा बघवेना. सेलमध्ये जीव आहे का हे ते आयुष्यभर असंच बघत आले. यंत्र असतं त्याचं, पण जीभ जवळ असते. जिभेला बारीकशी झिणझिण आली की चालू, नाही आली की मेला. नात समोर बसून बघायची. त्या दिवशी ते गिऱ्हाईकाशी बोलत होते आणि तिने त्यांना मदत केली.

माझा तोल सुटला. नको ते बोलले. "मुलांसमोर विष चाखत बसता?" असं काहीतरी. ते "बरोबर आहे तुमचं" म्हणाले आणि निघून गेले.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो भाजी चिरत होता. म्हणाला, "मीही असंच बघतो की! लहानपणी तर सगळेच बघायचो." सासूबाई आतल्या खोलीतून, "मीसुद्धा." म्हणजे माझ्या घरात दोन, आणि मी त्या म्हाताऱ्याला बोलून आले.

१९ फेब्रुवारी

सासूबाईंनी घरातल्या सगळ्या रिमोटना चिकटपट्टी गुंडाळलीय. आवाजाची बटणंही त्यातच गेली. टीव्ही आता एकाच आवाजात चालतो — मोठ्या.

२० फेब्रुवारी

फौजदारांचा हुकूम: आजोबांना हजर करा. ते वर येतच नव्हते. आईला विचारलं तर म्हणाली, खाली फाटकाजवळच्या बाकावर बसतात दिवसभर. मी स्वतः गेले. गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. दुकान बंद आहे म्हणाले.

"डॉक्टरबाई, तुम्ही बोललात ते बरोबरच होतं."

"ते बरोबर असेल. पण तुम्ही इथे बसून ती बरी होणार आहे का? चला वर. आणि तुम्हाला माझ्यावर ओरडायचं असेल तर तेही चालेल."

हसले नाहीत, पण उठले. वर गेल्यावर नातीने त्यांना पलंगाच्या पायथ्याशी बसवलं आणि जीभ बाहेर काढायला सांगितली. बराच वेळ जिभेची तपासणी चालली. निकाल: "जीभ आत ठेवायची." आजोबा म्हणाले, "ठेवली." आता हसले.

२१ फेब्रुवारी

गळती नाही! पाण्यासारखं औषध पाजून फोटो घेतले. सरळ खाली उतरलं, बाहेर कुठेही पाझरलं नाही. फौजदारांनी घोट घेतला, चव बघून म्हणाल्या, "वाईट आहे. अजून दे." मी आणि मोठ्या सिस्टर एक्स-रेच्या खोलीत शिशाचे जड कोट घालून नाचलो. नाचलो म्हणजे हललो. त्या कोटात तेवढंच जमतं.

धोका टळलेला नाही. भाजलेली जागा आतल्या आत खोल जाऊ शकते, शेजारी मोठी रक्तवाहिनी आहे, श्वासनलिका आहे. अजून काही दिवस इथेच ठेवणार. पण आज पाणी, उद्या दूध. आजचा दिवस माझा.

३ मार्च

फौजदार घरी गेल्या. दूध, दही, पातळ सूप, एवढीच परवानगी. कवळीवाले गृहस्थ मुद्दाम निरोपाला आले होते, स्वच्छ नव्या दातांनी हसत. जाताना तिने मला विचारलं, "मी गेल्यावर तू रडशील?" मी म्हटलं, छे! मग जिन्यात रडले थोडं. सिस्टरांनी बघितलं. त्यांचाही रुमाल बाहेर होता.

२५ मार्च

ज्याची भीती होती तेच झालं. परत लाळ गळतेय, सूपसुद्धा उलटून येतंय. जखम भरली, पण भरताना आवळली. भाजल्यावर हाताची कातडी आखडते तशी आतली नळी आखडलीय. दुर्बिणीतून पाहिलं तर पुढे रस्ताच नाही. एक ठिपका फक्त. शिसपेन्सिलीचं टोक जेमतेम जाईल एवढा.

तार घातली, तारेवरून फुगा सरकवला, पाण्याने हळूहळू फुगवला. हात थरथरू द्यायचा नसतो. जरा जास्त दाब पडला की नळी फाटते, मग सगळंच संपतं. फुगा काढला तेव्हा बारीक रक्त, आणि पलीकडे रस्ता दिसला. संध्याकाळी दही खाल्लं. मला म्हणाली, "डॉक्टरमावशी, तू माझ्या आत फुगा सोडलास?"

"हो."

"कुठल्या रंगाचा?"

खरं तर पारदर्शक असतो. मी लाल सांगितलं.

९ एप्रिल

फुगा. या खेपेला थोडा मोठा. जमलं.

२३ एप्रिल

परत आवळली. परत फुगा. सर्जन सर दारात उभे राहून बघत होते. हे माझे शिक्षक. दुर्बीण हातात धरायला मला यांनीच शिकवलं, त्यामुळे त्यांच्यासमोर अजूनही माझा हात विद्यार्थ्याचा होतो. म्हणाले, "किती दिवस फुगे फुगवणार आहेस?" मी फुगा रिकामा करायला घेतला. किती दिवस, ते मलाच माहीत नव्हतं.

आजोबांनी दुकान उघडलंय. आता फक्त किल्लीची घड्याळं घेतात. सेलवाली आली की हात जोडतात. किल्लीची घड्याळं उरलीत किती! पण म्हणाले, "बसायला जागा लागते हो. आणि हिला टिकटिक ऐकायला आवडते."

७ मे

अंगावर मूठभर मांस चढलं होतं ते परत उतरलं. फौजदार सध्या पायांवर कमी आणि आईच्या खांद्यावर जास्त असतात. तिचा बाप दूरच्या शहरात नोकरीला आहे. तो फोनवर गोष्ट सांगतो. गोष्टीत कोणी जेवायला बसलं की ही फोन ठेवून देते.

फुगा.

८ मे

आज सरांशी भांडले. कॉरिडॉरमध्ये, सगळ्यांसमोर. त्यांचं म्हणणं — आता बास. छाती उघडायची, खराब तुकडा काढायचा आणि मोठ्या आतड्याचा तुकडा वर ओढून नवी अन्ननलिका करायची. ते हे करतात, उत्तम करतात. पण चार वर्षांच्या पोरीला एवढं मोठं ऑपरेशन! त्यातून आतडं ते आतडं. घास खाली ढकलायचं त्याच्या अंगात नसतं, घास आपल्या वजनानेच खाली घसरायचा. जन्मभर जपून जेवायचं, उशाला दोन उशा घेऊन झोपायचं. मला तिचीच नळी हवीय. तिच्याच नळीतून तिचा घास गेला पाहिजे. मी हे सगळं जरा मोठ्याने बोलले.

सर शांतपणे म्हणाले, "आणि तुझा फुगा एक दिवस नळी फाडेल, तेव्हा मला घाईत तेच ऑपरेशन करावं लागेल. तुला तिची नळी हवीय, की तुझा शब्द खरा करायचाय?"

लागलं. लागायलाच हवं होतं. रात्री जेवायला उठले नाही. सासूबाई म्हणाल्या, "तू उपाशी राहून तिच्या घशातून घास जाणार आहे का?" हे वाक्य कुठेतरी ऐकल्यासारखं वाटलं. मीच म्हटलं होतं, फाटकाजवळ, थोडंफार असंच. मग जेवले. दोनदा वाढून घेतलं.

१० मे

सरांच्या खोलीत गेले. माफी मागायची होती, पण त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि आम्ही तिचे सगळे फोटो मांडून बसलो. ठरलं ते असं: आणखी तीनदा फुगा. दर वेळी व्रण मऊ करणारं औषध त्या जागेवर लावायचं. मग जुलैअखेर दुर्बिणीतून शेवटची तपासणी. तेव्हा पुन्हा आवळलेली दिसली, तर मी बाजूला आणि पुढचं काम त्यांचं. मी कुरकुर करायची नाही.

आईला आणि आजोबांना सांगितलं. आई म्हणाली, "तुम्ही दोघं भांडलात ते आम्ही ऐकलं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती पुढे म्हणाली, "बरं वाटलं. कोणीतरी भांडतंय हिच्यासाठी."

२१ मे

फुगा. औषध लावलं. आता बोटं एकमेकांत गुंतवून बसायचं. म्हणजे मी. सर कधी बसत नाहीत, ते येरझाऱ्या घालतात.

११ जून

गेल्या वेळेपेक्षा कमी आवळलीय!! सिस्टरांनाही दाखवलं. त्या म्हणाल्या, "मला सगळी भोकं सारखीच दिसतात, पण तुम्ही म्हणताय तर कमी." सर आले, डोळे बारीक करून पडद्याकडे बघत राहिले आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं 'हं' म्हणजे दुसऱ्या कोणाची मिरवणूक.

१४ जून

घरी आज उगाचच गोडाचं केलं. नवऱ्याने विचारलं, काय विशेष? म्हटलं, हं.

२ जुलै

ठरलेला शेवटचा फुगा. दुर्बीण पहिल्यांदाच न अडता आरपार गेली. कडा मऊ. मला ओरडावंसं वाटलं, पण भूलतज्ज्ञ आरडाओरडा करणाऱ्यांना बाहेर काढतात. तेवढं सोडलं तर माणूस चांगला.

आता नळी किती उघडी राहते ते बघायचं. तीन-चार आठवड्यांत आवळायची असेल तर आवळेल. आईला सांगितलं, उद्यापासून घन पदार्थ. मऊ बटाटा, अंडं, पाव. बारीक तुकडे.

६ जुलै

खात नाही.

८ जुलै

आता काय करावं! नळी उघडी आहे, मी डोळ्यांनी पाहिलीय. पण फौजदार घास तोंडात घेतात, चावतात, चांगला बारीक करतात, आणि मग आजोबांच्या तळहातावर परत करतात. व्यवस्थित. एक कणही आत नाही. दूध, सूप, दही झकास जातं. पण पातळ तर बारीक भोकातूनही जातं, त्यावरून मला काही कळत नाही. नळी उघडी राहिलीय की परत मिटत चाललीय, हे फक्त तिला ठाऊक, आणि ती सांगत नाही.

विचारलं, "दुखतं का गं गिळताना?"

"मी गिळत नाही."

"पण का?"

"अडकतं."

"आता नाही अडकणार. लाल फुग्याने रस्ता मोठा केलाय."

तिने माझ्याकडे त्या पहिल्या दिवसासारखं पाहिलं. साक्ष ग्राह्य धरली गेली नाही.

१२ जुलै

रोज तिला वॉर्डात आणून भरवतोय, सगळं करून झालं. आजोबा तिच्यासमोर बसून मचमच आवाज करत बटाटा खातात आणि दर घासाला "अहाहा" म्हणतात. ती म्हणते, "आजोबा, तोंड मिटून खा." मोठ्या सिस्टरांनी बाहुलीला भरवलं. बाहुलीचंही पोट भरलं म्हणे, आता ती झोपणार. सर्जन सर मांडीवर ताट घेऊन तिच्याबरोबर जमिनीवर बसले आणि अख्खं अंडं गिळून दाखवलं. स्वतःलाच ठसका लागला. फौजदार म्हणाल्या, "बघ. अडकतं."

सगळ्यांना हसू आवरेना. सरांना पाणी द्यावं लागलं. पण संध्याकाळी खिडकीपाशी उभी राहून जुलैअखेरपर्यंतचे दिवस मोजले. दिवस जाताहेत. उघडलेला रस्ता न वापरल्यानेही बंद पडतो.

१६ जुलै

फोटोसाठी घट्ट पांढरं औषध पाजायला गेलो. फौजदारांनी ते एक्स-रेवाल्या डॉक्टरांच्या शर्टावर परत केलं. आता ती सगळं शिकलीय. शर्ट धुवायला सिस्टरांनी नेला.

१९ जुलै

आज आजोबा माझ्या खोलीत आले. दार लोटून घेतलं. म्हणाले, "डॉक्टरबाई, एक विचारू? ऑपरेशन झालं तर ती जेवेल ना?"

"जेवेल. शिकावं लागेल, पण जेवेल."

"मग चालेल." गळ्यातलं भिंग पुसत म्हणाले, "मला वाटायचं, तिने माझ्यासारखं काहीच करू नये. दुकानातही येऊ देत नव्हतो आता. पण परवा ती दाराशी बसून रडली. म्हणून परत घेऊन जातो. सगळे सेल कपाटात, कुलपात. ती नुसती किल्ली देते घड्याळांना. जोरात देते. दोन स्प्रिंगा तुटल्या."

"रागावलात?"

"कशाला! एवढी ताकद आहे अंगात, हे बरंच की."

मी त्यांना दारापर्यंत पोचवायला गेले. खरं तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांना दिसू द्यायचं नव्हतं. एवढे दिवस मी त्यांना धीर देतेय असं समजत होते.

२३ जुलै

सरांनी ऑपरेशनची खोली पुढच्या आठवड्यासाठी राखून ठेवली. नुसती राखून, म्हणाले. मी कुरकुर केली नाही. ठरल्याप्रमाणे. सिस्टर म्हणाल्या, "तुमचं तोंड कुरकुर करतंय, तुम्ही नसाल करत." खरंय. माझ्या तोंडावर सगळं छापून येतं.

आईला बोलावून ऑपरेशन समजावलं. कागदावर नळी काढली, आतडं काढलं. फौजदारांनी ते चित्र पाहिलं. "हा साप आहे?" म्हटलं, हो, साप. तिने त्याला डोळे काढले आणि हसरं तोंड काढलं. ते चित्र माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. बघितलं की हसू येतं आणि मग येत नाही.

२६ जुलै

शेवटची तपासणी परवा. सकाळी उपाशी पोटी आणायचंय.

मला काय वाटतं? आज खरं लिहिते. मला वाटतं नळी उघडी आहे. हाताला जाणवलं होतं ते त्या दिवशी, फुगा न अडखळता पुढे गेला तेव्हा. पण हाताला जाणवलेलं सरांना कसं दाखवू! आणि समजा नळी उघडी निघाली आणि तरी ही खातच नाही, तर? तेव्हा काय करायचं हे कुठल्याच पुस्तकात नाही. माझं बघून झालं.

सकाळी नवरा म्हणाला, "आज आणि उद्या सुट्टी घे. फिरून ये." म्हटलं, कुठे? म्हणाला, "हॉस्पिटल सोडून कुठेही." दिवसभर बागेत बसले. एक मूल सारखं माती तोंडात घालत होतं आणि त्याची आई सारखी काढत होती. मी उठून मदत करायला जाणार होते. नवऱ्याने हात धरून खाली बसवलं.

२७ जुलै

सुट्टी कसली! दुपारी फोन. फौजदारांनी दुकानाबाहेरच्या मांजरीच्या पट्ट्याचं घुंगरू गिळलं. पितळी. चांगलं टपोरं. आई रडत, आजोबा पांढरेफटक, सर दोन-दोन पायऱ्या चढत वर. मी एक्स-रे उजेडासमोर धरला. घशात नाही. छातीत नाही. त्या जागी — नाही! खाली, पोटात, मधोमध, ऐसपैस बसलंय. दोन-तीन दिवसांत आपल्या वाटेने बाहेर येईल. ज्या जागेतून वाटाणा जात नव्हता, तिथून ते अख्खं घुंगरू गेलं आणि कुठे टेकलंसुद्धा नाही. सरांनी एक्स-रे माझ्या हातातून घेऊन पाहिला. मग खोलीचं आरक्षण रद्द करायला स्वतः फोन लावला.

मी पलंगाशी गेले. "कशाला गिळलंस गं?"

"पोटात वाजतं का बघत होते." मग जरा विचार करून, "ते गेलं खाली?"

"गेलं."

"मग बिस्कीट पण जाईल?"

सिस्टरांनी पुडा फोडला. तिने एक उचललं, चावलं, आजोबांच्या पसरलेल्या तळहाताकडे पाहिलं, आणि गिळलं. दुसरं मागितलं.